मटण सोडलं, पापलेट धरलं: माझा उपवासकाळ

आमच्या वसईत उपवासकाळ, म्हणजे आम्हा कॅथलिकांचा ईस्टरआधीचा व्रताचा काळ, जवळ आला की लग्नांची एकच घाई उडते. राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला की थेट ईस्टरपर्यंत लग्नं टाळायची, म्हणून हॉलवाले आणि बँडवाले त्याआधीच हात धुऊन घेतात. आणि घरोघर चर्चा सुरू होते, यंदा काय सोडायचं? आमच्याकडे उत्तर ठरलेलं: मटण-चिकन.

चर्चचा नियम खरं तर एवढा कडक नाही. 14 वर्षांवरच्यांनी शुक्रवारी मांस टाळायचं आणि 18 ते 59 वयाच्यांनी राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे असे दोनच दिवस उपवास करायचा. उपवास म्हणजे एकदा पोटभर, दोनदा थोडंथोडं. भात, भाकरी, डाळ सगळं चालतं. शेजारच्या काकूंना हे अजून पचलेलं नाही. "भात चालतो? मग हा कसला गं उपवास!" त्यांचा साबुदाणावडा आणि दाण्याची आमटी आठवून मी गप्प बसते.

मासळीला बंदी नाही, तिथेच आमचं फावतं. मटण बंद झालं की पप्पा, म्हणजे माझे सासरे, शुक्रवारी सकाळी बाजारात हजर. कधी पापलेट, कधी सुरमई, आणि मटणाच्या वरताण बिल. एकादशी अन् दुप्पट खाशी! 2025 च्या उपवासकाळात मी घरात जाहीर केलं की शुक्रवारी नुसतं वालाचं बिरडं नाहीतर डाळ-भात-भाजी, आणि वाचतील ते पैसे चर्चमधून दानासाठी आलेल्या पाकिटात. पप्पा सत्तरीचे, त्यांना उपवास माफ आहे. मांसाहार टाळणं माफ नाही, पण मासळी बंद करायचा मला हक्क कुठला, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. शेवटी सुक्या जवळ्याच्या चटणीवर तडजोड झाली.

त्या वर्षी राखेचा बुधवार 5 मार्चला आला. सकाळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाऊन, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन तशीच लोकल पकडली. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) वाटलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. लेडीज डब्यात एका मावशींनी निरखून पाहिलं आणि विचारलं, "अंगारा कुठला?" "चर्चचा," म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि सरकून मला चौथी सीट दिली.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मैत्रीण रोजे धरत होती, कारण रमजानही नुकताच लागला होता. दुपारी कॅन्टीनला न जाणाऱ्या आम्ही दोघी. तिच्या निर्जळी उपवासापुढे माझं प्रकरण फारच लेचंपेचं, हे सांगायला नकोच. 31 मार्चला ईद झाली, दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठी डब्यातून बिर्याणी आणली. मी खाल्ली. शुक्रवार नव्हता, आणि बाकीच्या दिवसांचा नियम चर्चचा नव्हे, आमच्या घरचा. तिने ईदच्या गडबडीत आठवणीने बांधून आणलेला डबा परत करायचा आणि त्याला भक्ती म्हणायचं, हे मला जमणारं नाही.

रात्री जेवणं झाली की पप्पा ख्रिस्तपुराण काढत. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने लिहिलेलं आणि 1616 साली पहिल्यांदा छापलेलं हे काव्य ओवीबद्ध आहे. दुसऱ्या भागात येशूचं चरित्र येतं. आम्ही त्यातला येशूच्या दुःखसहनाचा, म्हणजे क्रूसावरच्या मरणापर्यंतच्या छळाचाच भाग घेतला. जुनी मराठी, निम्मे शब्द अडायचे. पण पप्पा चालीवर म्हणू लागले की अर्थ आपोआप लागे. शुक्रवारच्या क्रूसाच्या वाटेत, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाच्या प्रार्थनेत, चौदा स्थानं भराभर उरकतात, तसं इथे होत नसे. एका ओवीवर अर्धा तास वाद चाललेला मी ऐकलाय.

पाकिटाचे पैसे व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे दिले. 1833 साली पॅरिसमध्ये सुरू झालेली ही संस्था आमच्या पॅरिशमध्येही, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतही आहे आणि तिची माणसं गरजूंच्या घरी जाऊन भेटतात. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, "नुसते पैसेच देणार की येणार पण?" गेले. एका आजींकडे किराणा द्यायचा होता. त्या अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा दिवसभर कामावर. मी तांदूळ-तेलाच्या पिशव्या ठेवल्या, प्रार्थनेचं पुस्तक उघडलं, तर आजी म्हणाल्या, "ते राहू दे पोरी. नेलकटर आहे का?" माझ्याकडे नव्हतं. पुढच्या खेपेला घेऊन गेले. पायांची नखं जाड, पिवळी, आत वळलेली; नेलकटर चालेचना. कोमट पाण्यात पाय भिजवून, मग बारीकबारीक कापत एका पायालाच बराच वेळ गेला. आजी तोवर कोणाच्या लग्नात किती वाढलं होतं ते सांगत होत्या.

पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, चर्चमध्ये फादर काही जणांचे पाय धुतात तो विधी झाला. 2016 पासून त्यात बायकांनाही घेता येतं, आमच्याकडेही बाकावर काही बायका बसलेल्या. पाय सगळ्यांचे आधीच घासूनपुसून स्वच्छ! माझं लक्ष नखांकडेच जात होतं.

ईस्टर झाल्यावर आजींकडे माझी फेरी चुकली. त्यांनी मुलाच्या फोनवरून निरोप धाडला, "नखं काय उपवासकाळातच वाढतात का?" तेव्हापासून लेकीला बरोबर नेते. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, असं आजींचं म्हणणं.