सब्जेक्ट कुठे संपतो?

भाची सहावीत आहे. तिच्या इंग्रजीच्या वर्कबुकात पानाच्या माथ्यावर हुकूम छापलेला असतो: सब्जेक्टखाली एक रेघ मारा, प्रेडिकेटखाली दोन. वाक्य ज्याच्याविषयी बोलतं तो सब्जेक्ट, त्याच्याविषयी जे सांगतं ते प्रेडिकेट. 'बर्ड्स फ्लाय', 'माय फादर वर्क्स इन अ बँक' असली वाक्यं ती पेन्सिल न उचलता उरकते. मग येतं, 'द ओल्ड मॅन विथ द टॉर्न अंब्रेला वॉज वेटिंग फॉर अ बस.' तिची रेघ 'मॅन'पाशी थांबते. फाटकी छत्री ना सब्जेक्टात, ना प्रेडिकेटात.

मला हा प्रकार फार आवडतो. आर्टिकल्स, प्रीपोझिशन्स ही घोकायची कामं. वाक्य नेमकं कुठे दुभंगतं ते शोधायला मात्र जरा पोलिसी डोकं लागतं.

'क्रियापदाला कोण, असं विचार' ही शाळेतली जुनी युक्ती. पण ती मराठीतून आलेल्या पोराला दगा देते, कारण आपलं क्रियापद भलतंच चंचल. 'राम पोळी खातो' म्हणताना ते रामाचं ऐकतं. 'रामाने पोळी खाल्ली' म्हटलं, की रामाला सोडून पोळीच्या मागे. 'रामाने रावणाला मारले' यात तर ते कोणाचंच ऐकत नाही. कर्तरी, कर्मणी, भावे हे तीन प्रयोग पाठ करताना आम्ही हेच तर रडत होतो. इंग्रजी क्रियापद त्या मानाने एकनिष्ठ, फक्त ती निष्ठा सहसा दाखवत नाही. साध्या वर्तमानकाळात शेपटीला एक 'एस' लावला, की झालं.

त्या 'एस'वर आणि 'इज-आर'वर स्पर्धा परीक्षावाल्यांचं मात्र पोट चालतं. 'द बॉक्स ऑफ मँगोज' पुढे 'इज' की 'आर'? आंबे क्रियापदाला खेटून बसलेले असतात, म्हणून भले भले 'आर' लिहून मोकळे होतात. क्रियापद बघतं पेटीकडे. आंबे सब्जेक्टात आहेत, पण त्यांना मत नाही.

भाचीला मी कोण-काय विचारायला लावत नाही. वाक्याचा प्रश्न कर म्हणतो. 'वॉज द ओल्ड मॅन विथ द टॉर्न अंब्रेला वेटिंग फॉर अ बस?' 'वॉज'ने उडी मारली ती कशावरून? म्हाताऱ्यावरून, छत्रीसकट. ज्याच्यावरून उडी, तो अख्खा सब्जेक्ट. तिने रेघ छत्रीपर्यंत ओढली आणि लगेच विचारलं, "मग 'बर्ड्स फ्लाय'मध्ये कोण उडी मारणार?" तिथे बाहेरून 'डू' आणावा लागतो. पोरं नेमकी फट शोधतात.

या दुभंगण्याचं चित्रही काढता येतं. 1877 साली अमेरिकेत रीड आणि केलॉग या दोन मास्तरांनी आपल्या पुस्तकात ती पद्धत दिली. एक आडवी रेघ, तिच्यावर आधी सब्जेक्ट, मग क्रियापद, आणि दोघांच्या मधे आडव्या रेघेला आरपार छेदणारी उभी रेघ. कर्मालाही उभी रेघ मिळते, पण ती आडव्या रेघेवर नुसती टेकते, खाली उतरत नाही. विशेषणं तिरक्या रेघांवर खाली लटकतात. आपल्याकडे हायस्कुलात वाक्यपृथक्करणाचे तक्ते होते. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, विधेय, विधेयविस्तार. तक्ता शिस्तीचा खरा, पण चित्राची मजा त्यात नाही.

खरी गंमत 'देअर'ची. 'देअर इज अ स्नेक इन द गार्डन' यात सब्जेक्ट कोण? शाळा म्हणते साप. साप दोन केले, की 'इज'चा 'आर' होतो, म्हणजे शाळेचं खरं. पण प्रश्न करा, 'इज देअर अ स्नेक?' उडी 'देअर'वरून. शेवटी 'हो ना?' छापाची पुस्ती जोडा, तर 'इजन्ट देअर?' होते, 'इजन्ट इट?' नाही. जागा 'देअर'ची, हुकूम सापाचा. परीक्षेत मी साप लिहायला सांगतो, मार्क महत्त्वाचे. मनातून मी 'देअर'च्या बाजूचा आहे.

हा नाद लागला, की भिंतीवरच्या नोटिसासुद्धा सुटत नाहीत. 'पार्किंग इन फ्रंट ऑफ द गेट इज प्रोहिबिटेड' यात 'गेट'पर्यंत सगळा सब्जेक्ट. सध्या आमच्या लिफ्टशेजारी लागलंय, 'इट हॅज बीन ऑब्झर्व्हड दॅट सम मेंबर्स आर थ्रोइंग गार्बेज फ्रॉम द बाल्कनी.' इथला 'इट' म्हणजे एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल. ज्याच्यासाठी जागा धरली, ते 'दॅट'पासूनचं सगळं लटांबर मागून येतंय. आणि हे ऑब्झर्व्ह कोणी केलं, ते वाक्यात कुठेच नाही. कर्ता शिताफीने गाळलेला. बिल्डिंगमध्ये मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पहिल्या मजल्यावरच्या काकू. कचरा त्यांच्याच तुळशीत पडतो.