पीकिंगचा तट आणि तटावर चढलेले कॅमेरे

बीजिंगला, म्हणजे जुन्या पीकिंगला, मेट्रोची दोन नंबरची लाइन जिथून धावते, तिथे वर जमिनीवर कधीकाळी मिंग राजवटीतला तट होता. 1965 मध्ये मेट्रोचं काम निघालं आणि पुढच्या चारपाच वर्षांत उरलेला बहुतेक तट दरवाज्यांसकट पाडला गेला. स्टेशनांना नावं मात्र त्या दरवाज्यांचीच राहिली: छोंगवेनमेन, फूचेंगमेन, आनदिंगमेन. या लाइनने मी शहराला प्रदक्षिणा घातली, ती परदेशी प्रवाशांनी काढलेल्या जुन्या फोटोंच्या छापील प्रती सोबत घेऊन. फोटो काढणारा नेमका कुठे उभा होता, हे मला पाहायचं होतं.

आनदिंगमेनला बाहेर आलं की समोर दुसरा रिंगरोड आणि गाड्यांची न संपणारी रांग. दरवाज्याचा मागमूस नाही. दुसऱ्या अफू युद्धाच्या शेवटी, 13 ऑक्टोबर 1860 रोजी, इंग्रज-फ्रेंच फौजेने तटासमोर तोफा लावून हाच दरवाजा ताब्यात घेतला आणि त्या फौजेबरोबर आलेला फेलिचे बेआटो आपला लाकडी कॅमेरा घेऊन तटावर चढला. पीकिंगचे पहिले महत्त्वाचे फोटो त्याचे. दक्षिणेकडच्या वेशीवरून त्याने सहा तुकड्यांत घेतलेलं शहराचं विस्तीर्ण दृश्य आजही थक्क करतं.

बेआटोशी आपलाही संबंध आहे. 1857 च्या उठावानंतर लखनौला जाऊन सिकंदर बागेचा, अंगणात हाडं विखुरलेला फोटो काढणारा तो हाच. कलकत्त्याहून तो या मोहिमेबरोबर निघाला. पीकिंगच्या वाटेवर ताकूचा किल्ला पडला, तेव्हा आतली प्रेतं आपले फोटो काढून होईपर्यंत हलवू नका, अशी विनवणी तो करत होता, असं सोबतच्या रेनी नावाच्या लष्करी डॉक्टरने लिहून ठेवलंय. हे वाचल्यापासून मला ते विस्तीर्ण दृश्य पूर्वीसारखं पाहता येत नाही. दृश्य सुंदर आहेच, पण ते तोफेच्या शेजारी उभं राहून पाहिलेलं आहे.

राजपुत्र गोंगचा वाडा हौहाय तलावाजवळ आहे. पर्यटकांची तिथे तुफान गर्दी असते. तहाच्या वाटाघाटींसाठी बादशहा आपल्या या सत्तावीस वर्षांच्या भावाला मागे ठेवून पळाला होता. 24 ऑक्टोबरला तहावर सह्या होत असताना बेआटोने दारातच कॅमेरा रोखला. हे कसलं यंत्र आपल्यावर धरलंय म्हणून गोंगचा चेहरा पांढराफटक पडला, असं इंग्रज सेनापती होप ग्रँटने नोंदवलंय. उजेड कमी असल्याने तो फोटो आलाच नाही. 2 नोव्हेंबरला काढलेला आला. खुर्चीत बसलेला, दमलेल्या चेहऱ्याचा तरुण. वाड्यातल्या एका ओसरीच्या कडेला टेकून मी ती प्रत बराच वेळ पाहिली. आठवड्याभरात राजधानी परक्यांच्या हाती गेलेली, बागा जळालेल्या, आणि आता हे यंत्र. तो निमूट बसला, यातच मला त्याचं धैर्य दिसतं.

त्या जळालेल्या बागा शहराच्या वायव्येला आहेत. कैद केलेल्या वाटाघाटी पथकातले बरेच जण हाल होऊन मेले (त्यांत आपल्याकडचे शीख स्वारही होते), त्याचा सूड म्हणून इंग्रजांचा मुख्य दूत लॉर्ड एल्गिनच्या हुकमावरून 18 ऑक्टोबरपासून युआनमिंगयुआन आणि आसपासचे बाग-महाल पेटवले गेले. आज ज्याला सगळे समर पॅलेस म्हणतात, तिथे पूर्वेच्या दाराने शिरून डावीकडे तलावाकाठाने गेलं की वेनछांग नावाचा मनोरा लागतो. बेआटोच्या फोटोत त्याला तीन मजले आहेत. समोर उभा असलेला मनोरा दोन मजली, कारण तो नंतर पुन्हा बांधलेला. फोटो हातात धरून मी वर पाहत होतो, आणि जिथे तिसरा मजला असायला हवा तिथे मोकळं आभाळ होतं. जाळपोळीबद्दल कितीही वाचलं तरी ती मला तिथे कळली.

दहाबारा वर्षांनी आलेल्या जॉन थॉमसन या स्कॉटिश फोटोग्राफरने याच बागेतल्या टेकडीवरचा ब्राँझचा मंडप टिपला. भोवतालची लाकडी बांधकामं जळाली, धातूचा मंडप तेवढा टिकला. काचेवर ओला लेप देऊन, तो वाळायच्या आत फोटो काढून धुवायची ती पद्धत. म्हणजे अंधारा तंबू आणि रसायनांच्या बाटल्या घेऊनच हिंडायचं. थॉमसनने रस्त्यावरच्या माणसांना जागा दिली, हे त्याचं मोठेपण. तरीही त्यांतल्या कित्येकांना त्याने नमुने मांडावेत तसं उभं केलंय.

मला जीव लावला तो सिडनी गॅम्बल आणि हेडा मॉरिसन या दोघांनी. गॅम्बल अमेरिकन, साबणवाल्या श्रीमंत घराण्यातला, पण पीकिंगमध्ये तो समाजाची पाहणी करत होता: मजुरी, तुरुंग, अनाथालयं, रिक्षावाले. 1917 ते 1932 या काळात त्याने सुमारे पाच हजार फोटो काढले. 1919 च्या विद्यार्थी आंदोलनातली भाषणं करणारी आणि पोलिसांनी धरून नेलेली पोरं त्याच्याकडे आहेत. ते फोटो डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेले आहेत. हेडा 1933 मध्ये जर्मनीहून एक फोटो स्टुडिओ सांभाळायला आली आणि 1946 पर्यंत राहिली. सायकलवरून गल्ल्या पालथ्या घालत तिने कारागीर, फेरीवाले, खेळणी करणारे टिपले. तिच्या फोटोंतली माणसं कामात गर्क असतात. इतकी वर्षं शेजारी राहिलेल्या बाईसमोरच माणूस असा सहज वागतो.

हे पाहायला जाणार असाल, तर सुरुवात आग्नेय कोपऱ्यातल्या बुरुजापासून करा. छोंगवेनमेनच्या बाजूला तिथे तटाचा सुमारे दीड किलोमीटरचा तुकडा शिल्लक आहे. तटाच्या विटा लोकांनी घरं बांधायला नेल्या होत्या. डागडुजीच्या वेळी आवाहन झालं, तेव्हा कित्येकांनी त्या आणून दिल्या. मी गेलो तेव्हा बाकावर बसलेल्या एका आजोबांनी माझ्याकडच्या प्रती मागून घेतल्या. तटाच्या पायथ्याने उंट चालल्याचा एक फोटो होता. पश्चिमेच्या डोंगरातला कोळसा उंटांवरून फूचेंगमेनमधून शहरात यायचा. आजोबांनी बोटाने उंट मोजले आणि मोबाइलवरच्या अनुवादातून विचारलं, "हा फोटो मला देता का?" मी दिला. गॅम्बलचे फोटो ड्यूक विद्यापीठाच्या आणि हेडाचे हार्वर्डच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. निघण्यापूर्वी त्यांच्या प्रती काढून ठेवा, आणि प्रत्येकीच्या दोन काढा.