अडीअडचणीला असू दे

मे महिन्यातली दुपार, कूलरची घरघर, आणि मी एका दगडी भुयारात अंधारात चाचपडत उभी. लॅपटॉपच्या पडद्यावर, एका खेळात. समोर काय आहे ते दिसत नाही, डावीकडून कसली तरी खरखर येतेय, आणि माझ्या चार कैद्यांपैकी एकाच्याही हातात मशाल नाही. मशाली आहेत. पिशवीत कोऱ्या करकरीत पडल्या आहेत. पण हातातली मशाल जळत जळत शेवटी विझते. म्हणून भिंतीवर खोचलेली मशाल दिसली, की मी आपली काढून पिशवीत टाकते आणि फुकटच्या उजेडात चालते. तो उजेड संपला की अंदाजपंचे.

"आई, लाव ना एक," शेजारी अभ्यासाच्या नावाखाली बसलेला मुलगा म्हणाला. "ढीगभर आहेत."

"असू दे. अडीअडचणीला लागतील."

"मग ही काय आहे?"

तेवढ्यात ते खरखर करणारं जे काही होतं ते अंगावर आलं, आणि विषय तिथंच राहिला.

खेळाचं नाव 'लेजंड ऑफ ग्रिमरॉक'. 2012 साली फिनलंडमधल्या एका लहानशा कंपनीनं काढलेला, म्हणजे मुलाच्या हिशेबानं पुराणवस्तू. गोष्ट दोन ओळींची. चार कैद्यांना एका डोंगराच्या माथ्यावर नेतात आणि तिथल्या विवरात ढकलून देतात. पोटातून उतरत उतरत तळाशी पोचून जिवंत बाहेर पडलात, तर सगळे गुन्हे माफ. झालं, उतरा. फरशी चौकोन-चौकोनाची, पाऊल एका वेळी एका चौकोनाचं, वळायचं ते काटकोनात. हा सगळा बाज 1987 सालच्या 'डंजन मास्टर' नावाच्या खेळावरून घेतलेला. तो अटारीच्या कॉम्प्युटरवर चालायचा. आमच्या आजोळी तेव्हा कॉम्प्युटर सोडा, दुपारच्याला वीज असली तरी बातमी व्हायची.

मी साधारण निम्म्यात आले असेन. संवाद जवळजवळ नाहीत, कुणी थांबवून आपली कर्मकहाणी ऐकवत नाही, कुणाच्या हरवलेल्या कोंबड्या शोधून द्याव्या लागत नाहीत, आणि याचं मला फार बरं वाटतं. कैदी झोपले की स्वप्नात कुणीतरी बोलतं, तेवढंच. मारामारी मात्र मजेची आहे. राक्षस समोर आला, की एक घाव घालायचा, पटकन बाजूच्या चौकोनात सरकायचं, तो वळेपर्यंत पुन्हा एक घाव. चार चौकोनांत गोल गोल. अंगणात फुगडी घातल्यासारखं दिसतं, फक्त समोरच्याच्या हातात गदा असते. कोडी काही छान, काही निव्वळ छळ. भिंतीच्या दगडात वालाच्या दाण्याएवढी कळ लपवून ठेवतात आणि ती दाबली, की पलीकडची भिंत सरकते. ते एकदा कळल्यापासून मी एकही भिंत नुसती ओलांडत नाही. प्रत्येक दगड निरखते. कुठं अख्खा बोळ धुंडाळून हाती एक पाव लागतो. पण लागतो ना!

आणि नकाशा. खेळ सुरू करताना विचारतात, नकाशा आपोआप उमटवायचा की नाही. मी नको म्हटलं. मुलाच्या गणिताच्या जुन्या वहीत बरीच पानं कोरी राहिली होती, चौकटींची, तीच घेतली. पेन्सिलीनं आखते. खड्ड्याला फुली, दाराला आडवी रेघ, दाबायच्या फरशीला गोल, शंका असेल तिथं प्रश्नचिन्ह. एखादा बोळ वळून वळून जिथं यायला पाहिजे तिथंच येतो आणि रेघेला रेघ मिळते, तेव्हा जो आनंद होतो तो मला ऑफिसात ताळेबंद जुळल्यावरही होत नाही. यूट्यूबवर सगळी उत्तरं आहेत, हे मुलानं सांगून झालंय. त्याला म्हटलं, शब्दकोड्याची उत्तरं पेपरात दुसऱ्या दिवशी येतात, ती रात्रीच आणायला प्रेसमध्ये जातोस का?

सुरुवातीच्या मजल्यांवर शत्रू कोण, तर गोगलगायी. माणसाएवढ्या. हे बघितल्यावर सासूबाई चहाचा कप घेऊन माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या, त्या हलेचनात. "काय खेळायलीस गं एवढं?" असं विचारून आत जाणाऱ्या बाई, पण त्या दिवशी खुर्ची ओढून बसल्या. कारण आहे. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडं शंखी गोगलगायींनी सोयाबीन उगवल्या उगवल्या खाऊन टाकलं होतं. आमच्या दिराच्या शेतात सकाळी जावं, तर कोवळ्या रोपांची नुसती देठं उभी. बांधाकडेनं चुन्याचा पट्टा ओढला, गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी शेतात पसरली. सकाळी गोणपाट उलटवलं, की खाली चिकटलेला गोगलगायींचा थर. हातात पिशव्या घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. बादली फसफसायची. दुबार पेरणी करावी लागली ती वेगळीच. तेव्हापासून घरात त्या प्राण्याबद्दल कुणाला दयामाया नाही. मी एक आडवी केली, की मागून आवाज, "हाण! अजून एक हाय बघ तिकडं!"

पुढचं मात्र त्यांना रुचलं नाही. मेलेल्या गोगलगायीचं मांस मी उचललं आणि पिशवीत घातलं.

"ते कशाला?"

"खायला लागतं ना यांना."

"काय बी खाऊ घालतीस का!" म्हणत त्या उठल्या. एकादशी होती त्या दिवशी, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

पण खायला लागतंच. चौघांचीही भूक हळूहळू वाढत जाते आणि वेळेवर काही पोटात गेलं नाही, तर जखमा भरणं थांबतं. त्यातला एक बैलाच्या तोंडाचा गडी, तो तर सगळ्यांपेक्षा जास्त खातो. मी त्याला घेतला ताकदीसाठी, आता पदरमोड चालू आहे. मिळेल ते पाव, अळ्या, गोगलगायी मी साठवते आणि भुकेची पट्टी अगदी तळाला गेल्याशिवाय कुणाला घास देत नाही. देताना आधी शिळं. खेळात शिळं-ताजं असं काही नाही, ठेवलेलं खराब होत नाही. तरी मी जे आधी सापडलं ते आधी वाढते.

आजोळी, लातूर जिल्ह्यात औश्याकडं, वाड्याच्या अंगणात पेव होतं, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीखालचा खड्डा. आमच्या लहानपणापर्यंत बऱ्याच घरांनी पेवं बुजवून टाकली होती, पण आजोबांनी आपलं चालू ठेवलं होतं. वरून बघावं तर काहीच नाही, मातीनं लिंपलेली एक शिळा. तिच्यावर आम्ही सागरगोटे खेळायचो. ज्वारी काढायची असली, की शिळा सरकवायची आणि आम्हाला ओसरीवर हाकलायचं. लगेच कुणी उतरत नसे. तोंड उघडं ठेवायचं, आतली हवा निघू द्यायची. मग आजोबा कंदील पेटवायचे, काच पुसून, वात बारीक करून, आणि सुंभाला बांधून हळूहळू खाली सोडायचे. सगळे वाकून बघायचे. तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, पण आत पोट चांगलं ऐसपैस. उजेड उतरत जाईल तसा तिथला लिंपलेला गोल उजळत जायचा, बाजूनं लावलेला कडबा दिसायचा. मग मध्येच ज्योत निळसर व्हायची, कापायची आणि पटकन मिटायची. की आजोबा सुंभ ओढून घेत. "नाही. अजून नाही." कुणी हुज्जत घालायचं नाही. धान्य बंद जागेत राहिलं, की आत वाईट हवा साठते, तिला ना रंग ना वास, आणि माणूस बसल्या जागी कलंडतो. पुन्हा शिळेशेजारी बसून राहायचं, पुन्हा कंदील. कंदील तळाला टेकून जळत राहिला, तरच कमरेला दोर बांधून गडी उतरायचा. वर दोन माणसं दोर धरून, सतत त्याला हाका मारत. त्यानं ओ दिली नाही, तर विचार न करता वर ओढायचं, असं ठरलेलं.

त्या ज्वारीला एक आंबूस, कोंदट वास असायचा. भाकरीलाही यायचा. आम्ही नाक मुरडलं, की आजी म्हणायची, बहात्तर साली हाच वास नशिबात असता तर बरं झालं असतं. 1972 च्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो ज्वारी आणि खडी फोडायच्या कामावर मिळणारा सुकडी नावाचा कोरडा खाऊ, या दोन गोष्टींची चव ती आम्हाला तोंड वाकडं करून दाखवायची. त्यानंतर तिनं पेव पुरतं रिकामं होऊ दिलं नाही. नवी ज्वारी यायच्या आधी जुनी संपवावी, हा साधा हिशेब तिला कुणी कधी पटवू शकलं नाही.

खेळातल्या मशालीनं हवा-बिवा कळत नाही. कुठं कुठं तर खाली जायला सरळ खड्ड्यात उडी मारायची, थोडं लागतं, पुढं चालायचं. मला अजूनही कसंसंच होतं.

तसं भुयार मराठवाड्यातल्या माणसाला नवं नाही. प्रत्येक गढीखाली एक असतं आणि ते थेट देवगिरीला निघतं, असं छातीठोक सांगणारा एक म्हातारा प्रत्येक गावात असतो. खरी अंधारी, म्हणजे किल्ल्यातली काळोखी भुयारी वाट, मी पाहिली ती शाळेच्या सहलीत, दौलताबादला, म्हणजे देवगिरीलाच. मशालवाला पुढं, आम्ही एकमेकींच्या फ्रॉकला धरून मागं, वटवाघळांचा वास, ओबडधोबड पायऱ्या, मध्येच वळण. एका जागी त्यानं थांबवून सांगितलं, शत्रू इथं उजेड दिसला म्हणून वळायचा आणि सरळ खाली खंदकात. हा खेळ करणाऱ्या फिनलंडच्या पोरांना कुणी तिथं नेऊन आणलं असतं, तर त्यांनी वालाएवढ्या कळा करायच्या सोडून दिल्या असत्या.

देवगिरीची मला लागून राहिलेली गोष्ट मात्र अंधारीची नाही. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, तिथला यादव राजा रामदेवराय किल्ल्यात जाऊन बसला. किल्ला असा, की बाहेरच्यानं वर्षभर डोकं आपटावं. घाईघाईत धान्याची पोती वर नेली होती. वेढा पडल्यावर पोती फोडली, तर निघालं मीठ, असं सांगतात. मग तह. इतिहासाच्या बाई हे सांगून पुढच्या धड्याकडं वळल्या, वर्गातल्या मुली हसल्या, आणि मी तिथंच अडकून राहिले. उचलताना एकानंही पोत्यात हात घालून बघितलं नसेल? हमालाच्या पाठीला तरी कळलं असेल. आजही किराणा भरताना मी प्रत्येक पुडा दाबून बघते, त्याचं मूळ कदाचित तिथं असावं.

तर साठवण. खेळात औषधंही बनवता येतात. पालापाचोळा सापडतो, तो खलबत्त्यात कुटायचा, रिकाम्या बाटलीत भरायचा. माझ्याकडं औषधाच्या बाटल्या इतक्या झाल्यात, की त्यांच्या वजनानंच एकाचं पाऊल जड पडायला लागलंय. लढाईत तोच बाटलीवाला गडी दोनदा मेला. "पाज की त्याला!" मुलगा ओरडतो. मी म्हणते, पुढं निळ्या स्फटिकाशी नेऊ, तिथं फुकटात जिवंत होतो. होतोही. एवढं चालून परत जावं लागतं, ते जाऊ द्या.

मुलाचं म्हणणं, तू शेवटपर्यंत काही वापरणार नाहीस आणि खेळ संपल्यावर सगळं तसंच राहील. तो 2016 मध्ये फार लहान होता. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते त्याला शाळेतल्या सामान्यज्ञानासारखं माहीत आहे. पाणी भरायच्या जागी जमावबंदी लावली होती, तेही त्याला गंमतीचं वाटतं. आम्ही त्या उन्हाळ्यात भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं संडासाला, अशी पायरी लावली होती. गच्चीतलं मोठं टिपाड झाकून ठेवलेलं असायचं आणि त्याला हात लावायचा नाही, असा नियम होता. जून लागला, पाऊस पडला, मग ते पाणी तसंच ओतून द्यावं लागलं, त्यात अळ्या झाल्या होत्या. नियम मीच केला होता आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तोच करीन.

असो. कवायत करत येणारे सांगाडे मागं पडले, आता खाली काय आहे ते माहीत नाही. ज्यांनी हा खेळ संपवलाय, त्यांनी कृपा करून शेवट सांगू नये. फक्त एवढं सांगा, पुढं मशाली मिळतात ना?