ठाण्याहून जुन्या गोव्याला : पॅरिशच्या यात्रेचा वृत्तांत

ठाण्यातील आमच्या पॅरिशची (चर्चशी जोडलेल्या भाविकांच्या समुदायाची) यंदाची यात्रा जुन्या गोव्याला गेली. पोर्तुगीजांची ही राजधानी साथीच्या रोगांनी ओस पडत गेली आणि 1843 साली राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला मिळाला. आज तिथे वस्ती विरळ आहे, पण मुख्य चर्च एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने ज्येष्ठांची फारशी दमछाक होत नाही.

ठाण्याला रात्री कोकणकन्या एक्सप्रेस पकडून आम्ही सकाळी करमळीला उतरलो. जुन्या गोव्याला हेच स्थानक सर्वांत जवळचे असले तरी ते लहान आहे आणि मोठ्या गटाला पुरतील इतक्या रिक्षा तिथे मिळत नाहीत. म्हणून मिनीबस आधीच ठरवून ठेवावी. मुक्कामासाठी पणजी सोयीची. त्या दिवशी विश्रांती घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटे निघावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण पर्यटकांच्या बस येऊ लागल्या की बॉम जेझू बासिलिकेत, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीच्या चर्चमध्ये, शांतपणे गुडघे टेकायलाही जागा उरत नाही. सकाळची मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) कोकणीतून असली तर आपल्याला ती बऱ्यापैकी समजते. गटासाठी स्वतंत्र मिस्सा हवी असल्यास आपल्या फादरांचे पत्र बरेच आधी पाठवावे.

बासिलिकेचा गिलावा 1950च्या दशकात काढून टाकला गेल्यामुळे तिचा जांभा दगड उघडा पडलेला आहे. जवळ जाऊन पाहिले की पावसाने झिजलेली, छिद्राछिद्रांची लालसर भिंत दिसते. गिलावा काढायला नको होता, असे माझे मत आहे. आत संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी उंचावर ठेवलेली आहे आणि तिच्याखालची संगमरवरी समाधी टस्कनीच्या ड्यूकने भेट दिलेली आहे. संतांचे पवित्र अवशेष जवळून पाहण्याची संधी साधारण दहा वर्षांतून एकदाच मिळते आणि मागचे दर्शन 5 जानेवारी 2025 रोजी संपले, हे निघण्यापूर्वीच सर्वांना स्पष्ट सांगावे, नाहीतर इतक्या लांब येऊन काहींची निराशा होते.

समोरच्या से कॅथेड्रलचा एक मनोरा 1776 साली कोसळला, तो पुन्हा उभारला गेला नाही. शेजारच्या असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या चर्चमध्ये आम्ही अधिक रेंगाळलो. 1321 साली आपल्या ठाण्यातच चार फ्रान्सिस्कन हुतात्मा झाले होते, त्यांच्यासाठी तिथे सर्वांनी मिळून रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हटली. लगतचे पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, तेव्हा यात्रेचा वार त्यानुसार ठरवावा.

संत ऑगस्टिनचा भग्न मनोरा टेकडीवर आहे. तिथे सावली कमी, म्हणून तो दुपारी उशिरा पाहावा आणि गुडघेदुखी असलेल्यांना बसमध्येच थांबू द्यावे. खांदे व गुडघे झाकतील असे कपडे, टोपी आणि पाण्याची बाटली प्रत्येकाजवळ असावी. 24 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर या नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) आणि संत झेवियर यांच्या फेस्ताच्या (सणाच्या) काळात प्रचंड गर्दी असते. भक्तीसाठी तो काळ उत्तम, परंतु वृद्ध आणि लहान मुले सोबत असतील तर जानेवारीच्या मध्यानंतर जावे. परतीचे आरक्षण मात्र 60 दिवस आधी खिडकी उघडते त्याच सकाळी करून टाकावे.