जेल गुलाबी

सगळ्यात जास्त सलतंय ते हे, की नोंद वहीत होती. ‘ड्रायर – जेल गुलाबी.’ तारीख चार दिवस आधीची आणि खाली सही माझी.

आमची नौदलाची विनाशिका मुंबईत धक्क्याला होती, महिना जुलैचा. ३० मिलिमीटरच्या तोफेला नेम पुरवणारं रडार पूर्ण शक्तीवर टाकलं की ट्रिप होऊन आपोआप बंद पडायचं. कमी शक्तीवर ठणठणीत. दुपारच्या तापल्या उन्हात कधीकधी पूर्ण शक्तीवरही चालायचं, पहाटे मात्र हमखास बंद. तीन दिवसांत आम्ही ट्रान्समीटरची, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागाची, तीन सर्किट कार्डं बदलली. कार्ड बदलणं फार सोयीचं झालंय: मागणीपत्र निघतं, काम झाल्याचं दिसतं. पावसाळ्यात मास्टवर, अँटेनाच्या उंच खांबावर, चढायला कुणी आपणहून पुढे येत नाही.

ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत लहरी वेव्हगाइडमधून जातात. धातूची पोकळ, आयताकृती नळी. आमची आतून जेमतेम २३ बाय १० मिलिमीटर. तिच्यात कोरडी हवा दाबाने भरून ठेवायची असते. ओल शिरली की पूर्ण शक्तीला आत ठिणगी पडते, लहरी उलट्या फिरतात आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला बंद होतो. ती हवा सुकवणाऱ्या ड्रायरमधले सिलिका जेलचे दाणे कोरडे असताना निळे, ओल धरली की गुलाबी.

चौथ्या दिवशी सकाळी आमचा सगळ्यात धाकटा नाविक आला. वहीतली ती नोंदही त्याचीच.

“चीफसाहेब, जेल कालच नवीन भरलं होतं. परत गुलाबी झालंय.”

एका रात्रीत! म्हणजे नळी गळतेय. पाऊस उघडल्यावर रडार बंद केलं, किल्ली खिशात टाकली, हार्नेस बांधून दोघं वर चढलो. तिसऱ्या जोडावर साबणाच्या पाण्याचा फुगा आला. फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, उघडला. आतली ओ-रिंग, हवा अडवणारी रबरी कडी, नखाने दाबताच तडकली. खालच्या वळणातून चमचाभर हिरवट पाणी निघालं.

त्या चमचाभर पाण्याने रात्रभर झोप लागली नाही. अँटेना २५ मीटर उंच असेल, तर पाण्यावरून ५ मीटर उंचीने येणारं क्षेपणास्त्र तिला दिसतं सुमारे ३० किलोमीटरवर. ध्वनीच्या अडीचपट वेगाने ते अंतर जेमतेम ३५ सेकंदांचं. तेवढ्यात शोधायचं, पकडायचं, तोफ वळवायची.

संध्याकाळी रडार पूर्ण शक्तीवर चार तास अखंड चाललं. काढलेली तीन कार्डं एकेक करून परत बसवली. तिन्ही चालली.