१८,००० पौंडांच्या गाडीतले माझे २८० पौंड

पिकअप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जी छोटी मालवाहू गाडी येते, तिचे अमेरिकेतल्या हेवी ड्युटी पिकअपशी नावापलीकडे फारसे नाते नाही. कोलोरॅडोत आल्यावर तिसऱ्या वर्षी आम्ही अशी एक चार दारांची, डिझेल इंजिनाची गाडी घेतली, ती उन्हाळ्यात कॅम्पर ट्रेलर, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, ओढत डोंगरांत जाता यावे म्हणून. ‘ही १८ हजार पौंड सहज ओढेल,’ असे विक्रेत्याने सांगितले होते; म्हणजे आपल्या मापाने आठ टनांहून थोडे अधिक. आम्ही पाहून ठेवलेला ट्रेलर माहितीपत्रकानुसार ७,१०० पौंडांचा होता, त्यामुळे आणखी काही हिशेब करायचा असतो हे माझ्या मनातही आले नाही. विक्रेता खोटे बोलत नव्हता. मीच चुकीचा प्रश्न विचारला होता.

असे आकडे हवेतून येत नाहीत. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने त्यासाठी जे२८०७ नावाचे मानक ठरवले आहे आणि त्यातली सर्वांत कठीण परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या घाटावर बेतलेली आहे. साडेअकरा मैलांच्या आसपासची ही चढण १०० अंश फॅरेनहाइट तापमानात, एसी पूर्ण सुरू ठेवून, ठरावीक वेगाच्या खाली न येता पार करावी लागते. मात्र या हिशेबात गाडीत चालक आणि एक प्रवासी, तेही प्रत्येकी १५० पौंडांचे, एवढीच माणसे धरतात. बायको, मुलगा, सायकली आणि अवजारांची पेटी त्यात नसते.

खरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर, दार उघडल्याशिवाय दिसणार नाही अशा ठिकाणी, एका पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर छापलेला असतो. माणसे आणि सामान मिळून गाडीच्या अंगावर किती वजन चालेल, ते तो सांगतो. आमच्या गाडीवर २,२०० पौंड लिहिले आहेत. गाडीचे भरलेल्या अवस्थेतले कमाल वजन १०,००० पौंड ठरलेले आहे आणि जड डिझेल इंजिन, चारही चाकांना मिळणारी ताकद, मोठी केबिन यांनी त्यातला बराचसा वाटा आधीच खाल्लेला आहे. म्हणजे जे डिझेल इंजिन ओढण्याची ताकद वाढवते, तेच अंगावर घेण्याची क्षमता घटवते; हा विरोधाभास मला उमगायला फार उशीर लागला. १०,००० पौंड हीच अमेरिकी सरकारी वर्गवारीतल्या एका वर्गाची वरची सीमा आहे, त्यामुळे त्या आकड्यामागे केवळ स्प्रिंगच्या पाट्यांची आणि ॲक्सलची (चाकांच्या आसाची) ताकद असेल असे समजू नये.

आता ट्रेलर मागे चाकांवर चालत असला, तरी त्याचे सगळे वजन त्याची चाके उचलत नाहीत. साध्या, बंपरखालच्या हिचला (ट्रेलर अडकवायच्या जोडणीला) जोडणाऱ्या ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार गाडीच्या मागच्या टोकावर यावा लागतो. तो त्याहून कमी असेल तर महामार्गावर ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो आणि मग गाडीवर ताबा ठेवणे अवघड होते, म्हणून सगळे सामान ट्रेलरच्या मागच्या भागात कोंबून हा भार कमी करण्याची पळवाट बंद आहे. पिकअपच्या हौद्यात जोडल्या जाणाऱ्या फिफ्थ व्हील ट्रेलरचा भार तर वीस टक्क्यांच्या आसपास असतो. आम्ही तिघे, हिच आणि हौद्यातले सामान मिळून साधारण ७५० पौंड धरले, तर शिल्लक राहतात १,४५०. त्यातून फिफ्थ व्हील फार तर सव्वासात हजारांचा आणि साधा ट्रेलर १५ टक्के धरून साडेनऊ हजारांच्या आसपासचा निघतो. १८ हजार कुठल्या कुठे राहिले.

माहितीपत्रकातले ७,१०० सुद्धा रिकाम्या ट्रेलरचे होते. पन्नास गॅलन पाणी भरले की तेच चारशे पौंडांहून अधिक होते, मग गॅसच्या टाक्या, बॅटऱ्या, अंथरुणे, भांडी. शेजारच्या निवृत्त ट्रकचालकांनी सांगितले, ‘कागदावर काही ठरवू नका, काट्यावर जा.’ ट्रक स्टॉपवरच्या काट्याला तीन स्वतंत्र फळ्या असतात: पुढची चाके पहिलीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर. ट्रकचालकांच्या उंचीवर बसवलेले बटण दाबायला मला गाडीतून उतरावे लागले. चिठ्ठीवर आकडे आले ४,३२०, ५,४०० आणि ७,४८०. ट्रेलर बाजूला सोडून पुन्हा काट्यावर गेलो, तर गाडी एकटी ८,५६० भरली: पुढे ४,७४०, मागे ३,८२०.

एकूण १७,२०० मधून ८,५६० वजा केले की ट्रेलर ८,६४० पौंडांचा ठरतो आणि जोडल्यावर गाडी ९,७२० होते, म्हणजे हिचवर १,१६० पौंडांचा भार, १३ टक्क्यांहून किंचित अधिक. मात्र मला अधिक अस्वस्थ केले ते पुढच्या चाकांवरून उचलल्या गेलेल्या ४२० पौंडांनी, कारण स्टिअरिंग त्याच चाकांवर चालते. त्याच आठवड्यात वजन पुढे-मागे विभागून देणारा हिच बसवला.

गाडीच्या मर्यादेत आता २८० पौंड उरले आहेत. जुलैत आई-बाबा येत आहेत आणि मागच्या आसनावर जागा आहे, पण दोघे मिळूनच साधारण तेवढे भरतात. त्यांच्या बॅगांसाठी काहीच उरत नाही. ट्रेलरच्या स्वतःच्या ९,५०० च्या मर्यादेत मात्र जागा शिल्लक आहे, म्हणून सायकली आणि अवजारांची पेटी हौद्यातून काढून ट्रेलरमध्ये, ॲक्सलच्या बरोबर वर ठेवायची, पाण्याची टाकी मुक्कामावर पोहोचल्यावर भरायची आणि निघण्यापूर्वी, आई-बाबांना गाडीत बसवूनच, पुन्हा एकदा काट्यावर जायचे असे ठरले आहे. आपले वजन ट्रकच्या काट्यावर होणार हे आईला अजून सांगितलेले नाही.