अंबड रस्त्यावरची मोसंबी

जालन्याहून अंबडच्या रस्त्याला लागलो की दोन्ही अंगांना मोसंबीच्या बागा सुरू होतात. मे महिना. काही बागा हिरव्या, काहींचे नुसते खराटे उभे. जवळ जाऊन पाहिलं तर उरलीसुरली पानं होडीसारखी वळलेली. नखाने साल खरवडून आत हिरवं दिसलं तर फांदीत जीव आहे. तपकिरी निघालं तर आणखी खाली खरवडायचं, खोडापर्यंत.

सोयाबीन गेलं तर एक हंगाम बुडतो. मोसंबीला फळ धरायलाच पाच-सहा वर्षं लागतात. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यात वाळलेल्या बागांवर कुऱ्हाड चालली, तेव्हा त्या घरांची तेवढी वर्षंच तुटली.

बागेचा फैसला मात्र मेमध्ये नव्हे, डिसेंबरात होतो. आंबे बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या मोसंबीच्या फुलोऱ्यासाठी, मध्यम जमिनीत ४५-५० दिवस पाणी तोडून ताण देतात आणि जानेवारीत पाणी सोडून फुलं आणतात. पुढे फळं वाढत असताना विहीर आटली, तर फळगळ होतेच, झाडही खचतं. म्हणून डिसेंबरातच विहिरीचा तळ दिसत असेल तर बहार धरू नये, असं आम्ही ठामपणे म्हणतो. कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना हे ऐकणं किती जड जातं, तेही दिसतं.

बहार धरलाच असेल आणि पाणी आटलं, तर फळं उतरवून टाकावीत. वाळक्या फांद्या छाटून कापाला बोर्डो पेस्ट लावावी: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. आळ्यात भुसकटाचा चार बोटं थर द्यावा, पानांवर १० लिटरला ८०० ग्रॅम केओलिन (पांढरी बारीक माती) फवारावं आणि ठिबक रात्रीच चालवावं.

वाटेत प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी लागतात. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल तळ्यात, काठ आत उतरते असल्याने, साधारण २२ लाख लिटर मावतं. मेमध्ये दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तरी तुडुंब तळ्यातून रोज ७,२०० लिटर उडून जातं. झाडाला ६० लिटर धरले तर १२० झाडांचं पाणी! १८ बाय १८ फुटांवर एकरात १३४ झाडं बसतात, म्हणजे जवळजवळ एकराची बाग. त्यात पुष्कळशी तळी पावसाने नव्हे, विहिरी-बोअरच्या उपशाने भरलेली असतात. मुरमाखाली काळा पाषाण. पाणी राहतं ते भेगांत, आणि भेगा काही बांधावर थांबत नाहीत. इकडे तळं भरतं, तिकडे शेजारच्या विहिरीची मोटार हवा ओढू लागते.